बिनचुलीचं तोंडीलावणं

लायटर मोठीबाईच्या हातात होता आणि अंगठा त्याच्या खटक्यावर. एवढ्यात दारातून धाकटी किंचाळली, "थांब! पेटवू नकोस!"

मोठीबाई जागच्या जागी थिजली. धाकटी चपलांसकट आत धावली, तिच्या हातातला लायटर हिसकून घेतला, भिंतीवरचा मुख्य कॉक बंद केला आणि दोन्ही खिडक्या धडाधड उघडल्या. आपणही काहीतरी करावं म्हणून मोठीबाईनं पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर धाकटीनं त्या हातावर फटकाच मारला.

"बटणाला हात लावू नकोस! ठिणगी पडली तर दोघी उडून जाऊ. चल बाहेर!"

मनगटाला धरून तिनं मोठीबाईला मागच्या अंगणात ओढत नेलं आणि मग ओणवी होऊन खोकत राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मोठीबाईचे डोळे कोरडे होते.

"अगं, आत श्वास घेववत नाही इतका गॅस भरलाय," धाकटी धापा टाकत म्हणाली. "आणि तू आत उभी! तुला वास नाही आला?"

मोठीबाईला वास आला नव्हता. गेल्या सात महिन्यांत तिला कशाचाच वास आला नव्हता.

हाडांच्या त्या रुग्णालयात चौऱ्याऐंशी खाटा होत्या आणि त्या चौऱ्याऐंशी पोटांचं या दोघी बघत. मोठीबाई म्हणजे मुख्य स्वयंपाकीण आणि धाकटी तिची मदतनीस. वयानं धाकटीच दोन वर्षांनी मोठी होती, पण रुग्णालयात माणसं हुद्द्यानं मोजतात, त्याला कोण काय करणार? चौदा वर्षं दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहिल्या होत्या. भांडल्या असतील शंभरदा, पण पातेलं उतरवताना दुसरा कान धरायला दुसरीचा हात कधी चुकला नव्हता.

मोठीबाई तिथं आली ती भांडी घासायला. तेव्हा ती तिशीत होती. आल्यानंतर महिन्याभरात एके दिवशी ती कोठाराच्या दारात थबकली आणि तेव्हाच्या आचाऱ्याला म्हणाली, "दादा, तिसऱ्या पोत्यात उंदीर मेलाय." आचारी पोट धरून हसला. पोतं रिकामं केल्यावर मात्र त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं, कारण तळाशी खरंच उंदीर होता. त्या दिवसापासून आचारी तिला बोलावून घ्यायचा. तेल ताजं आहे का, मासळी कालची आहे का, दूध टिकेल का, सगळं तिला विचारायचा. ती अंगणात कपडे वाळत घालताना आतल्या दुधाला उकळी येतेय हे सांगायची. डॉक्टर चेष्टा करत, की आपल्याकडे तपासणीची दोन यंत्रं आहेत, एक तळमजल्यावरचं एक्स-रे आणि दुसरं मोठीबाईचं नाक. आचारी निवृत्त झाला तेव्हा त्याची जागा कोणाला द्यायची यावर कुणाला विचार करावा लागला नाही.

मग पावसाळा सरताना तिला ताप आला. आठ दिवस अंथरुणात काढले. नवव्या दिवशी उठून बसली, नवऱ्यानं कॉफीचा कप हातात दिला, तिनं घोट घेतला आणि म्हणाली, "अहो, पूड टाकायला विसरलात." तो विसरला नव्हता.

महिनाभर तिनं वाट पाहिली. येईल, सर्दी सरली की येईल. आलं नाही. जिभेला खारट कळे, आंबट कळे, गोड आणि कडूही कळे, पण त्यापलीकडचं सगळं पुसून गेलं होतं. आंब्यात आणि साखरपाण्यात तिला फरक उरला नव्हता. नवरा शिंपी. एका संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या पँटवर इस्त्री तशीच राहिली, कापड जळून धूर निघाला, आणि शेजारीच पाठमोरी बसून बटणं लावणाऱ्या मोठीबाईनं मानसुद्धा वळवली नाही. तेव्हा त्याला कळलं.

"सांगून टाक रुग्णालयात," तो म्हणाला.

"तुम्हाला दिसेनासं झालं असतं तर तुम्ही गिऱ्हाइकांना सांगितलं असतंत?" तिनं विचारलं.

तो विषय पुन्हा निघाला नाही.

ती निभावून नेत राहिली. काय किती वेळ शिजतं ते घड्याळावर, फोडणी झाली की नाही ते तडतडण्यावर, करपू लागलं की नाही ते कडेच्या रंगावर. आणि जिथं यातलं काहीच चालत नसे तिथं ती चमचा पुढे करून धाकटीला म्हणायची, "मीठ बघ गं जरा." धाकटी चाखायची आणि बोलण्याच्या ओघात हवं ते सगळं सांगून जायची. तेवीस वर्षांचा हात होता. पदार्थ चुकला नाही. कुणाला काही कळलं नाही.

आता अंगणात धाकटी उत्तराची वाट बघत होती. मोठीबाईच्या तोंडून निघालं ते हेच:

"सर्दी झालीय मला. नाक चोंदलंय."

धाकटीनं डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहिलं.

अग्निशमनचा अधिकारी आला, हातातलं यंत्र प्रत्येक शेगडीजवळ फिरवलं आणि पाच मिनिटांत दोष सापडला. मागच्या शेगडीची चावी अर्धी उघडी होती. रात्रभर मुख्य कॉक बंद होता म्हणून काही झालं नाही. सकाळी मोठीबाईनं कॉक उघडला आणि गॅस सुटला. तेवढ्या वेळात ती तिथंच चहाचं आधण मोजत, कपबशा मांडत होती.

"संध्याकाळी फिटर येऊन नळी न नळी तपासेल," अधिकारी म्हणाला. "तोवर इथं काडी पेटायची नाही. आणि विजेची शेगडीबिगडीही या खोलीत लावायची नाही."

व्यवस्थापकसाहेब शर्टाची वरची बटणं लावत धावत आले होते. एरवी अतिशय नेमका माणूस. बोलताना पेनाचं टोपण काढायचा आणि वाक्य संपलं की लावायचा. आज टोपण नुसतंच हातात होतं.

"काल शेवटी ओटा कोणी पुसला?"

"मी," धाकटी म्हणाली.

"चाव्या तपासणं तुमचं काम ना?"

"हो साहेब."

"मग?"

साहेब मोठीबाईकडे वळले. "आणि तुम्ही? तुमच्या नाकाला तर म्हणे भिंतीपलीकडचं कळतं."

"सर्दी आहे साहेब."

साहेबांनी मान हलवली. सर्दी कुणालाही होते. "चार वाजता दोघी माझ्या खोलीत या. मला वर लेखी कळवावं लागणार आहे. ज्याच्या हातून हे झालंय त्याला घरी बसावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो." हे म्हणताना ते धाकटीकडेच बघत होते.

मग त्यांना जेवणाची आठवण झाली. सकाळची न्याहारी पाव आणि थंड दुधावर भागली होती, पण साडेबाराला चौऱ्याऐंशी ताटं वाढायची होती. साहेबांनी कोपऱ्यावरच्या बेकरीला फोन केला. पाव मिळणार होता, उकडलेली अंडीही ते देणार होते. "पण नुसता पाव आणि अंडं या उकाड्यात घशाखाली कसं उतरायचं?" ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "सोबत काहीतरी ओलसर हवं. काय करता येईल?"

कोठारात सूपसाठी आणलेले टोमॅटोचे चार क्रेट होते. मोठीबाईच्या तोंडून आपसूक निघालं, "टोमॅटोचं तोंडीलावणं करते. न शिजवता. पाला घालून."

बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते. शिजवलेल्या पदार्थात आच निम्मं काम करते, चुका झाकते. कच्च्या टोमॅटोला झाकायला काही नसतं. टोमॅटोचा वास, पाल्याचा वास, तेलाचा वास, तिथं दुसरं असतंच काय? सात महिन्यांत तिनं असा एकही पदार्थ केला नव्हता. मुद्दामच.

स्वयंपाकघर बंद होतं म्हणून व्यायामाची खोली मिळाली. मोडलेल्या पायांना पुन्हा चालायला शिकवायची ती जागा. दोन्ही बाजूंना धरून चालायच्या दांड्या होत्या, त्यांवर धाकटीनं भांडी पुसायची फडकी टाकली. मालिशच्या दोन लांब टेबलांवर धुतलेले प्लास्टिकचे कागद अंथरले. चाकाच्या खुर्चीतला एक ट्रकवाला रोजच्या व्यायामासाठी तिथं आलाच होता. दोन्ही पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. तो काही हलेना.

"मला काम द्या," तो म्हणाला. "पाय मोडलेत, हात शाबूत आहेत."

मोठीबाईनं त्याला कांदे सोलायला दिले. थोड्याच वेळात तो हुंदके देत म्हणाला, "ट्रक उलटला तेव्हासुद्धा मी एवढा रडलो नव्हतो हो." खोलीत तेवढंच एकदा हसू फुटलं. धाकटी हसली नाही.

टोमॅटो निवडायला मोठीबाई स्वतः बसली. पूर्वी ती देठाची खोबण नाकाशी न्यायची आणि झटक्यात ठरवायची. आता अंगठ्यानं दाबून, देठाभोवतालचा रंग बघून, वजनाचा अंदाज घेऊन एकेक बाजूला करत होती. चार क्रेट. बाहेर ऊन चढत होतं, खिडकीच्या पत्र्याच्या झडपा तापून टक टक वाजत होत्या. वर पंखा फिरत होता, पण तोही गरम वाराच ढवळत होता. धाकटी समोर उभी राहून फोडी करत होती. तिची सुरी एका लयीत चालायची, आज मात्र मध्येच थांबायची, पुन्हा चालायची. चार वाजायला किती वेळ आहे हे ती भिंतीवरच्या घड्याळात बघत होती.

फोडी मोठ्या चाळण्यांत घालून वर मीठ भुरभुरलं. मीठ लागलं की टोमॅटो पाणी सोडतो. ते पाणी फेकायचं नसतं, खाली पातेलं ठेवून धरायचं. त्यातच लिंबू पिळायचं आणि कांद्याच्या चकत्या बुडवून ठेवायच्या, म्हणजे कांद्याचा उग्रपणा निघून जातो. हे सगळं तिच्या हातांना पाठ होतं. पाला तेवढा उरला. मागच्या भिंतीलगत प्लास्टर कालवायच्या जुन्या बादल्यांत तिनं स्वतःच पुदिना, कोथिंबीर आणि तुळशीच्या जातीचा घमघमणारा सब्जा लावला होता. तिन्हींच्या मोठमोठ्या जुड्या धाकटी तोडून घेऊन आली. पानं सुरीनं कापली तर कडा काळ्या पडतात, म्हणून हातानंच खुडायची. मोठीबाई खुडत राहिली. बोटं हिरवी झाली. पूर्वी सब्जाचं एक पान चुरगळलं तरी सगळी खोली भरून जायची. तिनं बोटं नकळत नाकाशी नेली. काही नाही. ओल्या कागदाला येतो तेवढासुद्धा वास नाही.

मान वर केली तर धाकटी तिच्याकडे बघत होती.

सव्वाअकराला फोडी निथळल्या. धाकटीनं एका वाटीत चार फोडी घेतल्या, त्यावर पाला टाकला, तेलाची धार सोडली आणि वाटी मोठीबाईसमोर ठेवली.

"चाखून बघ. सगळ्याला असंच घालू का?"

"तू बघ ना. मीठ बघ गं जरा."

"नाही. आज तू बघ."

आवाज चढलेला नव्हता, पण ट्रकवाल्यानं कांद्यातून मान वर केली. मोठीबाईनं चमचा उचलला. फोड तोंडात घातली. मीठ बरोबर होतं. आंबटपणा हवा तेवढा होता. बाकी तोंडात नुसता थंडगार बुळबुळीत लगदा. तिनं सावकाश चावलं, धाकटीच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते पाहिलं. काही सापडलं नाही.

"छान आहे," ती म्हणाली.

"तेल?"

"तेलही चांगलं आहे."

धाकटीनं ट्रकवाल्याकडे वळून म्हटलं, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर जाता का?" तो चाकं फिरवत मुकाट्यानं गेला. दार लोटून घेतल्यावर ती म्हणाली, "ते खवट तेल आहे. फळीवरच्या जुन्या डब्यातलं. दिव्यातसुद्धा घालवणार नाही असं. मी मुद्दाम त्या एका वाटीत घातलं."

मोठीबाईनं चमचा खाली ठेवला. तो कागदावरून घसरून जमिनीवर पडला आणि तो उचलायला ती वाकलीही नाही.

"सर्दी नाही तुला," धाकटी म्हणाली. "कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. तापानंतर."

"सात महिने! आणि रोज मला चमचा देत होतीस, मीठ बघ, मीठ बघ. मला वाटायचं, एवढी वर्षं झाली, आता माझ्या जिभेवर हिचा विश्वास बसलाय. घरी जाऊन सांगायचे मी. मूर्खासारखी." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "काल संध्याकाळी मागच्या शेगडीवर सूप उतू गेलं. आठवतंय? तू उभी होतीस तिथं."

मोठीबाईला आठवलं. पातेलं उतू गेलं, फेस शेगडीवर सांडला, फस्सकन आवाज झाला. तिनं पातेलं उतरवलं. ज्योत दिसली नाही, म्हणून चावी बंद केलीय असंच ती धरून चालली. तेवढ्यात दूधवाला आला आणि ती दाराकडे गेली. चावी तिनं फिरवली नव्हती. ज्योत नुसती विझली होती.

"पुढच्या चार शेगड्या मी तपासल्या," धाकटी म्हणत होती. "मागची तापली होती, म्हटलं निवली की पुसू. करपलेल्या सुपाच्या वासात मला गॅस वेगळा कळला नाही. तशीच कॉक बंद करून गेले. चूक माझीही आहे, मी नाही म्हणत नाही. पण सात महिन्यांपूर्वीची तू असतीस तर गॅस तिथंच, तेव्हाच कळला असता. आज सकाळी कॉक उघडल्या उघडल्या कळला असता. चार वाजता तो माणूस मला घरी पाठवणार आहे, आणि तू शेजारी उभी राहून नाक पुसणार आहेस."

"मी..." मोठीबाईनं बोलायला सुरुवात केली.

"मी सांगणार नाही त्यांना," धाकटी म्हणाली. "चुगली करून वर चढायचं असतं तर कधीच चढले असते. सांगायचं तर तू सांग. नाहीतर सांगू नकोस. ते तुझं तू बघ." तिनं वाटीतलं सगळं कचऱ्याच्या बादलीत उपडं केलं. "आता काम कर. अकरा पंचवीस झालेत."

खरंच दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. चौऱ्याऐंशी ताटं कोणाच्या भांडणासाठी थांबत नाहीत. धाकटीनं नव्या डब्याचं सील फोडलं, नाकाशी नेऊन हुंगलं आणि मान हलवली. दोन मोठ्या परातींत फोडी, कांदा, मिरपूड पडली. शिळ्या पावाचे तुकडे करून ते टोमॅटोच्या पाण्यात भिजवून वर टाकले, म्हणजे रस त्यांत मुरतो आणि पोटालाही आधार होतो. मग पाल्यापाशी मोठीबाईचे हात थांबले. किती घालायचा? पुदिना जास्त झाला तर औषधासारखं लागतं. सब्जा कमी पडला तर नुसतेच ओले टोमॅटो. मूठ भरून ती परातीवर धरून उभी राहिली. सात महिन्यांत तिनं कुणालाही न विचारलेलं शेवटी विचारलं.

"मला कळत नाही. किती घालू?"

धाकटी आली, परातीवर वाकली, डोळे मिटून श्वास घेतला. "सब्जा अजून दोन मुठी. पुदिना बस झाला."

"कोथिंबीर?"

"थोडी. थांब... हं. आता ढवळ."

एवढंच बोलणं झालं. धाकटी तिच्याकडे न बघता बोलत होती. पण चुकीचं एकदाही सांगितलं नाही, आणि मनात आणलं असतं तर सांगता आलं असतं हे मोठीबाईला कळत होतं. ती ढवळत राहिली. कपाळावरून घाम गळत होता आणि तो परातीत पडू नये म्हणून दंडानं पुसता पुसता डोळेही पुसले जात होते.

साडेबाराला गाड्या वॉर्डांत गेल्या. मोठीबाई एरवी वाढायला जात नसे. आज गेली. धाकटीच्या समोर थांबवत नव्हतं म्हणून गेली. खाटांमागून खाटा. कुणाचा पाय कप्पीला टांगलेला, कुणाच्या कंबरेला पट्टा, कुणाच्या नडगीत सळया. उकाड्यानं माणसं हैराण झाली होती, सकाळपासून कुणी धड खाल्लं नव्हतं. थंड टोमॅटो तोंडात गेले आणि वॉर्डात एकदम चमच्यांचे आवाज वाढले. एका आजींनी कच्चा कांदा वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावला आणि वर तक्रारही केली. ट्रकवाल्यानं दोनदा मागून घेतलं आणि शेजारच्या खाटेवरच्याला सांगितलं, "कांदा माझा आहे बरं यातला."

वॉर्डाच्या दारात साहेब उभ्या उभ्या एका ताटलीतून खात होते. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. "वा!" ते म्हणाले. "सर्दी असताना ही तऱ्हा! नाक ते नाकच."

मोठीबाई मान खाली घालून पुढं झाली आणि वॉर्डाच्या मधोमध येऊन थांबली. दोन्ही बाजूंना खाटाच खाटा होत्या. तेवीस वर्षं ती या माणसांना जेवू घालत होती, पण एक गोष्ट तिच्या डोक्यात कधी आली नव्हती. या वॉर्डाखाली बरोबर स्वयंपाकघर होतं. आणि या माणसांपैकी एकालाही पळता आलं नसतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना दोघी साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या. मधे एका माणसाची जागा मोकळी. धाकटीनं धुतलेला, घडी केलेला अ‍ॅप्रन मांडीवर घेतला होता. तो ती परत करायला घेऊन आलीय हे मोठीबाईच्या लक्षात आलं. चौदा वर्षांत तो अ‍ॅप्रन इतका नीट घडी केलेला तिनं पाहिला नव्हता.

आत गेल्यावर साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, कागद पुढं ओढला आणि धाकटीकडे पाहिलं. "बोला. चावी का तपासली नाहीत?"

"साहेब, तिला नंतर विचारा," मोठीबाई म्हणाली. "आधी माझं लिहा. मला वास येत नाही."

"सर्दी आहे, ते सांगितलंत तुम्ही."

"सर्दी नाही. खोटं बोलले मी. सात महिने झाले, मला कशाचाच वास येत नाही. काल सूप उतू जाऊन ज्योत विझली ती माझ्यासमोर. चावी मी उघडी सोडली. आज सकाळी मीच कॉक उघडला आणि गॅस भरत असताना तिथंच उभी होते. ती आली नसती तर मी लायटर पेटवला असता." एका दमात बोलून गेली. खुर्ची समोर होती, पण बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दुपारचं ते कोणी केलं?"

"हातांनी मी. नाक हिचं."

"सात महिने," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. "मोठीबाई, वर माझी चौऱ्याऐंशी माणसं बांधून ठेवलेली आहेत. अक्षरशः बांधून. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आज ठाऊक झालं, साहेब."

त्यांनी धाकटीला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"आज सकाळी कळलं. आणि मागची चावी मी तपासली नाही, हेही लिहा. ते खरं आहे."

निर्णय दुसऱ्या दिवशी आला. मोठीबाईला मुख्य स्वयंपाकीण म्हणून काढलं आणि डॉक्टर सांगेपर्यंत शेगडीजवळ जायची बंदी घातली. धाकटीला लेखी ताकीद मिळाली आणि तिच्याच हाती स्वयंपाकघर आलं. गॅस सुटला की कर्णकर्कश ओरडणारं एक यंत्र भिंतीवर बसलं. मोठीबाईला घरीच पाठवणार होते. पण धाकटीनं साहेबांना सांगितलं की चिरणं, निवडणं, भिजवणं, मळणं यांना आच लागत नाही आणि तसा हात दुसरा मिळणार नाही. हे तिनं मोठीबाईला स्वतः सांगितलं नाही. साहेबांच्या शिपायानं सांगितलं.

त्या संध्याकाळी घरी मोठीबाईनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मशीनचं चाक थांबवून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "बरं झालं." तशी ती त्याच्यावर जी उसळली! एवढं सगळं गेलं आणि म्हणे बरं झालं! बोलता बोलता रडली, रडता रडता सांगत राहिली की आपण कशी मूठ धरून परातीवर उभे होतो आणि आपल्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तो उठून तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याचेही गुडघे हल्ली दुखत. पण बसला.

नाकाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आत कुठंतरी तारा दुखावल्या आहेत, कधी कधी परत येतं, कधी येत नाही. सहा महिन्यांनी मोठीबाईला काहीतरी येऊ लागलं, पण ते भलतंच. कॉफीला जळक्या रबराचा वास, साबणाला गंजाचा. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. "तुम्हाला चांगलं वाटत असेल," ती म्हणाली. "कॉफी मला प्यावी लागते."

रुग्णालयात त्या वर्षी उन्हाळा संपेपर्यंत दर बुधवारी दुपारी टोमॅटोचं तोंडीलावणं होत राहिलं. पहिले दोन-तीन बुधवार दोघी कामापुरतंच बोलल्या. लोक अजून तिला मोठीबाईच म्हणत आणि धाकटीला धाकटीच. सवय लागली की कोण बदलतंय? चौथ्या बुधवारी धाकटी परातीवर वाकली, हुंगलं आणि म्हणाली, "सब्जा कमी आहे."

"दोन मुठी घातलाय. मोजून," मोठीबाई म्हणाली.

"तुझ्या मुठी लहान झाल्यात."

"मुठी तेवढ्याच आहेत. तुझं नाक शेफारलंय."

धाकटीनं स्वतःच आणखी एक मूठ पाला परातीत टाकला आणि दुसऱ्या बाजूचा कान धरायला मोठीबाईला हाक मारली. परात जड होती. दोघींनी मिळून ती गाडीवर ठेवली.